सगळ्यात सोपी सिस्टिम कोणती

५ ऑगस्ट २०२५, अमरावती

आज चांदूर रेल्वेहून नत्थुजी आले होते. तिथल्या वाचनालयाचे सचिव. वाचनालयात बारा संगणक आहेत, सगळे जुने, सगळ्यांवर विंडोज १०. ऑक्टोबरच्या चौदा तारखेपासून तिचे अपडेट बंद होणार. विंडोज ११ टाकून पाहिली, तर हा संगणक तिच्या नियमांत बसत नाही असा निरोप स्क्रीनवर आला.

"मॅडम, ते लिनक्स फुकट भेटते म्हनतात. थे टाकता येईन का? पन आमचं आमाले टाकता आलं पायजे. दर वेळी अमरावतीवरून मानूस कोन आनन?"

पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी मला कामाचं विचारलं. मी जरा जास्तच उत्साहाने बोलले बहुतेक. म्हटलं, विंडोजच्या जागी चालणाऱ्या चार फुकट सिस्टिम घेते: लिनक्सच्या मिंट, उबुंटू, डेबियन आणि चौथी क्रोम ओएस फ्लेक्स. चारही साध्या माणसाकडून टाकून पाहते, कुठे अडतं ते लिहिते आणि जी सगळ्यात सोपी तिची मराठीत पुस्तिका करून देते. मोहसीनला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, अकोल्याला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. वाचनालयात आहेत तसलाच एक जुना संगणक तो पाठवतो आहे.

साधा माणूस घरातच आहे. हे तेहतीस वर्षं मोजणी खात्यात होते. आयुष्यात कधी सिस्टिम टाकलेली नाही, पण समोर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचतात. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, "म्हंजे मी तुह्या प्रयोगातला उंदीर?" पण खूश होते.

नियम ठरला. मी शेजारी बसायचं, घड्याळ लावायचं आणि तोंड उघडायचं नाही.

११ ऑगस्ट

मिंट. एक्केचाळीस मिनिटं.

यांनी भाषा निवडली, कळफलक निवडला, वायफाय जोडलं. "सगळं पुसून टाकायचं" असा पर्याय आला तिथे हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. पुन्हा दोनदा वाचलं, म्हणाले, "पुसून टाक म्हनते बापा. टाकू?" मी तरी गप्प. टाकलं. शेवटी नवीन स्क्रीन उजळली तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू सरकारी पाहुणा आला.

पेन ड्राइव्ह कधी काढायची हे दोनदा विचारलं. पुस्तिकेत ते ठळक अक्षरात हवं.

२४ ऑगस्ट

उबुंटू. एक तास दहा मिनिटं, आणि तरी अपुरं.

पासवर्ड यांनीच ठरवला, यांनीच दोनदा टाइप केला. संगणक पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड चालेना. "मी बरोबर टाकून राहिलो," असं सात-आठ वेळा म्हणाले. मग चिडून टेबलावर बोट आपटलं. हे कधी चिडत नाहीत. शेवटी मी सगळं नव्याने टाकलं.

चूक कोणाची? माझ्या मते मांडणीची. नवख्या माणसाला पासवर्ड कागदावर लिहून घे म्हणून कोणी सांगायला नको? उबुंटूला गुण कमी.

९ सप्टेंबर

डेबियन. दोन तास वीस मिनिटांनी मीच थांबवलं.

प्रश्नच किती! संगणकाचं नाव, मुख्य पासवर्ड, मग वेगळा पासवर्ड, डिस्कचे भाग, कोणत्या सर्व्हरवरून घ्यायचं. प्रत्येक प्रश्नाला हे मागे जायचे, आधीचं उत्तर बदलायचे, पुन्हा पुढे यायचे. एकदा तर पहिल्या पानापर्यंत मागे गेले आणि शांतपणे पुन्हा भाषा निवडायला लागले. मी वहीत लिहिलं: "मागे जाण्याचं बटण नवख्याला भरकटवतं."

डेबियन शेवटची. हे पक्कं.

१७ सप्टेंबर

क्रोम ओएस फ्लेक्स. मला वाटलं होतं वीस मिनिटांत होईल. चार-पाच स्क्रीन, त्याहून जास्त काही नाही. लागला एक तास पस्तीस. हे एकाच स्क्रीनसमोर माउसवर हात ठेवून बसून राहिले. मी विचारलं, काय अडलं? नियम मोडलाच. म्हणाले, "वाचून राहिलो."

तीन ओळी होत्या.

इंग्रजी आहे म्हणून. यांचं इंग्रजी कामापुरतं, आणि ही भाषाही जरा विचित्रच असते. पुस्तिकेत प्रत्येक स्क्रीनचं चित्र आणि खाली मराठी द्यावं लागेल. काम वाढलं, पण मला आवडतं आहे.

२१ सप्टेंबर

अपेक्षा आली होती अकोल्याहून, एका दिवसासाठी. गिलावडा आणला राजकमल चौकातून, तिला आवडतो. जेवण झाल्यावर मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आई, बाबांनी मले तीनदा विचारलं, तुझी बदली झाली का म्हनून. तीनदा. मी तीनदा सांगतलं."

"वय झालं त्यांचं. सदुसष्ट."

"वय झालं म्हनून नाई. डॉक्टरले दाखवू."

मी म्हटलं, तू महिन्यातून एकदा येतेस आणि येऊन निदान करतेस. मी रोज बघते आहे. रोज त्यांच्याकडून इतकं डोक्याचं काम करून घेते आहे, मला कळणार नाही?

ती भांडी घासून गेली. जाताना यांच्या पाया पडली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

४ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

वाचनालयात प्रात्यक्षिक होतं. समितीचे पाच-सहा जण, नत्थुजी, काही वाचक. मी मिंट निवडली होती, पुस्तिकेचा मसुदा हातात. कल्पना माझीच: बघा, निवृत्त माणूस, संगणकाचा गंध नाही, फक्त पुस्तिका वाचून सिस्टिम टाकतो. ऑगस्टमध्ये टाकली होतीच की.

यांनी पांढरा सदरा घातला होता. इस्त्री स्वतः केली.

पहिल्या पानावर अडले. पुस्तिका उलटी-सुलटी करून पाहिली. मग माउस उचलून हातात धरला, टेबलापासून वर, आणि स्क्रीनकडे नेला. कोणी तरी हसलं. नत्थुजी म्हणाले, "घाई नाई भाऊ, सावकाश."

आणि मी ओरडले. "अहो, काय लहान मुलासारखं करता! दहा वेळा केलंय तुम्ही हे!"

यांनी माउस खाली ठेवला, सगळ्यांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "मॅडमच्या वर्गात मी नापास."

सगळे हसले. मीही हसले. पुढचं मी स्वतः करून दाखवलं, बावीस मिनिटांत. टाळ्या पडल्या.

परत येताना गाडीत हे खिडकीबाहेर पाहत होते. मी दोनदा म्हटलं, मला तसं म्हणायचं नव्हतं. दोन्ही वेळा म्हणाले, "काय म्हनली होती तू?"

टोमणा होता, असं मी धरून चालले.

५ ऑक्टोबर

हे सकाळपासून पुस्तिका घेऊन बसले आहेत. पेन्सिलने प्रत्येक ओळीखाली रेघ मारली आहे. एकही ओळ सुटलेली नाही.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा आज शेवटचा दिवस. त्यावर दोन ओळी लिहायच्या असं महिनाभर ठरवलं होतं.

सकाळी हे म्हणाले, मोहसीनकडे पेन ड्राइव्ह मी पोचवतो. बारा पेन ड्राइव्ह तपासून घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, कुरिअर करू. "कायले कुरिअर? तेहतीस वर्षं जिल्हा फिरलो मी. अकोला का मले नवीन हाय?" चार तारखेनंतर पहिल्यांदाच आवाजात जोर होता. म्हणून मी नाही म्हटलं नाही. स्टेशनवर सोडलं, खिडकीची जागा मिळवून दिली.

अकरा वाजता मोहसीनचा फोन, सर आले नाहीत. साडेअकराला पुन्हा. यांचा मोबाइल वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. मी फक्त उभी होते, हॉलच्या मधोमध, किती वेळ कोण जाणे. एक वाजून गेल्यावर कोणी तरी उचलला. बाईचा आवाज.

"तुम्हारे घर के हैं क्या? मूर्तिजापूरच्या टेसनावर बसले हायेत. रडून राहिले."

१५ ऑक्टोबर

मोहसीन दुकान बंद करून मोटारसायकलने मूर्तिजापूरला गेला, तिथून भाड्याच्या गाडीने यांना घरी आणलं. त्याला चहा दिला तर कप तसाच हातात धरून बसला.

"मॅडम, सर त्या बंद पडलेल्या लहान लाइनच्या जुन्या फलाटाकडे जाऊन बसले होते. कुलसुमबी म्हनून एक बाई हाय, तिथं फळं विकते. तिनं पानी पाजलं, जवळ बसून राहिली. फोन वाजे तं सर खिशाले हात लावू देत नव्हते. लय येळानं तिले घेऊ देला."

"ते तिथे कशाला उतरले?"

"तिले सांगत होते, आज मोजनी हाय, तलाठी आला नाई, शेतकरी खोळंबले. मी गेलो तं मले म्हने, मोजनीची साखळी आनली का?" मोहसीनने खाली पाहिलं. "मी म्हटलं, आनली सर. चला."

पेन ड्राइव्हची पिशवी कुठे राहिली ते माहीत नाही. त्यात माझ्या दोन महिन्यांच्या... नाही, ते महत्त्वाचं नाही.

मोहसीन जाताना दारात थांबला. म्हणाला, "मॅडम, सर ऑगस्टमधी अपेक्षाताईकडे आले तवा दुकानात बी आले होते. तवा पन वापस जाताना रस्ता इचारला होता. मले वाटलं थट्टा करून राहिले. मी तुमाले सांगाले पायजे होतं."

सगळ्यांना दिसत होतं.

२७ ऑक्टोबर, अकोला

दिवाळी झाली म्हणायची. अपेक्षाकडे आलो आहोत, तिनेच मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी यांना एक कागद दिला. त्यावर दोन पंचकोन, एकमेकांत अडकलेले. तसेच खाली काढा म्हणाले. हे खूप वेळ काढत होते, जीभ दातात धरून. मी वाकून पाहिलं. पाच-सहा रेघा होत्या, एकही दुसरीला भेटत नव्हती. ज्या माणसाच्या नकाशांवर तीन तालुक्यांचे बांध ठरले, त्या माणसाच्या.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "कधीपासून जाणवलं?"

मी म्हटलं, चौदा तारखेला. आणि मग काय झालं कळलं नाही, पिशवीतून ही वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. चाचण्यांची पानं उघडून. डॉक्टरांनी एकेक पान वाचलं. एक्केचाळीस मिनिटं. एक तास दहा. दोन तास वीस. मागे जाणं. तीन ओळी वाचत बसणं. पासवर्ड.

"फार बारकाईने नोंदवलंय," ते म्हणाले. "आमच्याकडे इतकं कोणी लिहून आणत नाही. हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्हाला माहीत होतं तर."

मी म्हटलं, नाही. मी सिस्टिम तपासत होते.

अपेक्षाने माझा हात धरला. ती काही तरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. मी तर बोललेच असते तिच्या जागी.

डिमेन्शिया. एमआरआय झाला, गोळ्या लिहून दिल्या. बरं होणार नाही, आजार सावकाश वाढेल एवढंच.

१९ नोव्हेंबर, चांदूर रेल्वे

तीन आठवडे काही लिहिलं नाही. नत्थुजींना फोन करून सांगितलं, दुसरं कोणी बघा. ते म्हणाले, दुसरं कोन हाय? आणि मग म्हणाले, भाऊले घेऊन या, दिवसभर वाचनकक्षात बसतील, आमी हाओत.

खरं तर पुस्तिका तशीच देता आली असती. पण तिच्यातला प्रत्येक आकडा खोटा होता. मी सिस्टिमांना दिलेले गुण सिस्टिमांचे नव्हतेच. म्हणून पुन्हा चाचणी घेतली. या वेळी माणिकबाईंची. त्या वाचनालयात झाडलोट करतात, पुस्तकं जागेवर लावतात. आठवी शिकलेल्या, मोबाइल सोडून कशाला हात लावलेला नाही.

"मले नाई जमनार बाई. काही मोडलं तं?"

"मोडलं तर माझ्यावर."

दोन दिवस लागले. मिंट अठ्ठावीस मिनिटं. उबुंटू एकतीस. फ्लेक्स वीसच्या आत. डेबियनला एक तास पाच मिनिटं, पण कुठे अडल्या नाहीत. न कळलेल्या प्रश्नाला आहे तेच ठेवून पुढे गेल्या. शेवटी पदराने माउस पुसला आणि म्हणाल्या, "एवढंच? मले वाटलं गंज कठीन असन."

एवढंच.

सगळ्याच सोप्या होत्या. मी दोन महिने यांच्या शेजारी बसून, घड्याळ लावून, प्रत्येक वेळी यंत्रावर खापर फोडत होते. आणि ज्या एका दिवशी फोडलं नाही, त्या दिवशी भर वाचनालयात यांच्यावर फोडलं.

हे शेजारच्या वाचनकक्षात वर्तमानपत्र उघडून बसले होते. मी काचेतून पाहत होते. पान उलटत नव्हते. कोणी आलं की मान हलवून नमस्कार करायचे. फार सभ्यपणे.

२० डिसेंबर

बाराही संगणकांवर मिंट टाकून झाली. तीन माझ्या हाताने, नऊ माणिकबाईंच्या. नत्थुजींनी संत्र्यांची पाटी दिली. पुस्तिका छापून आली, चोवीस पानं. "चाचणीत साहाय्य" म्हणून माणिकबाईंचं नाव घातलं आहे. यांचं घालावं की नाही यावर मी चार दिवस घालवले. नाही घातलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. ज्या कामात मी यांना ओळखलं नाही, त्या कामावर यांचं नाव...

पुस्तिका यांच्या हातात दिली. पहिल्या पानापासून वाचायला बसले. संध्याकाळी पाहिलं तर पहिल्याच पानावर होते.

११ जानेवारी २०२६

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. पुढे असा मिळेल न मिळेल.

सकाळपासून यांचं चांगलं चाललं होतं. अंघोळ स्वतः केली, सदऱ्याची बटणं बरोबर लावली. मी पोळ्या करत होते. हे स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले आणि पूर्वीसारखे, अगदी पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "रागिणी, तुह्यं ते वाचनालयाचं काम झालं का?"

झालं म्हटलं.

"कोन्ती निघाली सोपी?"

मला रडू आलं. मी पाठ फिरवून लाटत राहिले. म्हटलं, "सगळ्याच सोप्या होत्या. माझंच चुकलं. मी तुम्हाला उगाच बसवलं, वेळा लिहिल्या, लोकांसमोर बोलले. मला कळायला हवं होतं."

"तुले कसं कळन? मी कळू देलं नाई."

मी वळले.

हे हाताच्या तळव्याकडे पाहत होते. "मले पह्यलेच समजलं होतं. दिवाळीच्या गंज अगोदर. सकाळी उठलो का रोज मनातल्या मनात नावं घेत जाऊ. तुह्यं, पोरीचं, आपल्या गल्लीचं. तू मले त्या संगनकापुढं बसवलं तवा वाटलं, आता ही पकडते मले."

"मग सांगितलं का नाही?"

"तू त्या सिस्टिमले शिव्या देऊन राहिली होती ना. बटन चुकीचं, इंग्रजी चुकीची, मांडनी चुकीची. मले बरं वाटे." ते हसले. "वाटे, जवर हिले त्याची चूक दिसते, तवर मी चांगला हावो. म्हनून दर खेपेले बसलो तुह्याजवळ. नाई तं मले कायचं करनं होतं लिनक्स?"

लाटणं हातात तसंच. मी याच वहीत लिहिलं होतं की "सगळं पुसून टाकायचं" या पर्यायाशी यांनी हात मागे घेतला. आणि हा माणूस समोर बसून रोज...

तव्यावरची पोळी करपून धूर झाला होता. मला दिसलाच नाही. हे उठले, गॅस बंद केला, सांडशीने तवा खाली ठेवला, खिडकी उघडली. कोणी न सांगता, एकापाठोपाठ एक, सगळं बरोबर. मग येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. किती वर्षांनी. मी त्यांच्या सदऱ्यात तोंड घालून रडले आणि ते थोपटत राहिले. "होते असं. होते."

बराच वेळ गेला. हात थांबला.

"अवं," हे म्हणाले, "अपेक्षा शाळेतून आली नाई काय अजून? उशीर झाला."

अपेक्षा चौतीस वर्षांची आहे.

मी डोळे पुसले. म्हटलं, "येईल आता. तुम्ही बसा, मी दुसरी पोळी टाकते."